तुसाची धग

आमच्याकडे भासऱ्यानं घरात यायच्या आधी खाकरायचं असतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यापुढे धाकट्याच्या बायकोनं उघड्या डोक्यानं यायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही. त्यामुळे माझे भासरे इस्तारी यांचा चेहरा मी कधी नीट पाहिलाच नाही. त्यांचे पाय पाहिले आणि खाकरणं ऐकलं. दोनदा आखूड, मग एकदा लांब. ते ऐकू आलं की माझा हात आपोआप पदराकडे जायचा. हा नियम कोणी काढला देव जाणे. बायकांना विचारून काढला नसणार एवढं नक्की.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असाही एक नियम आहे, तो मी आता मोडते. माझे मालक डोमा. दोघे भाऊ बापूजींच्या धानगिरणीत कामाला होते. आमचं गाव मूलपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, चारी बाजूंनी बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आणि त्यापलीकडे जंगल. तेव्हा आमचा चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. घर एक, चुली दोन. एक माझी, आणि एक इस्तारींच्या बायकोची, माझ्या थोरल्या जावेची. तिचं नाव गोकुळा. मी तिला बाई म्हणायची. ती कमी बोलायची, मी तिच्या वाटचंही बोलायची, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

गिरणीची मोठी कटकट म्हणजे तूस. धान भरडलं की तांदूळ पोत्यात जातो, कोंडा म्हशीला जातो, आणि वरचं टरफल, ते तूस, कोणालाच नको असतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गाडीभर नेऊन चुलीत घाला, मूठभर लाकडाइतकीही आच नाही. वारा सुटला की ते विहिरीत, डोळ्यांत, भातात. गिरणीमागे त्याचा ढीग वाढत वाढत गिरणीच्या कौलांच्या वर गेला होता. बापूजी रोज त्याच्याकडे बघून कपाळाला हात लावत. इंजिनाला लागणारं तेल मात्र चांद्याहून पिंपांत यायचं आणि ऐन हंगामात संपायचं.

मग बापूजींनी नागपूरहून ती टाकी आणवली. माणसाच्या दुप्पट उंच, लोखंडी, वरून तोंड उघडं. वरून तूस ओतायचं, खाली पेटवायचं, पण पोटभर हवा द्यायची नाही. नागपूरचा मिस्त्री म्हणायचा, त्याला अर्धाच श्वास द्या. तसं कोंडून ठेवलं की तूस जळत नाही, धुमसतं, आणि त्यातून जो वायू निघतो तोच इंजिन पितं. आम्हाला हसू आलं. पण पहिल्याच दिवशी पट्टा फिरला, गिरणी चालली, आणि संध्याकाळी इंजिनाला जोडलेल्या डायनामोवर गिरणीच्या दारात बिजलीचा दिवा लागला. ज्या तुसाला आम्ही शिव्या द्यायचो त्याचा उजेड पडला होता. बापूजी त्या दिव्याखाली खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

डोमा इंजिनावर होते. इस्तारी भासरे ढिगावर. टोपल्या भरून टाकीत ओतायच्या, आणि खालून जे काळं, धगधगतं जळकं तूस निघायचं ते ओढून ढिगाच्या कडेला टाकायचं, त्यावर पाणी मारायचं. पाणी विहिरीचं, शेंदून आणायचं. हंगामात कधी पुरायचं, कधी नाही.

एक गंमत सांगायची राहिली. आमच्या घरात विस्तवाला कोणी विझव म्हणत नाही. अशुभ. माझी सासू म्हणायची, चूल वाढव, दिवा वाढव. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं. सगळ्या गावात तसंच. टाकी बसवली त्या आठवड्यात बापूजी दुपारी आत आले आणि मिस्त्रीला म्हणाले, "आता वाढवा बाप्पा, जेवून घ्या." मिस्त्री परगावचा. त्यानं कळ पूर्ण उघडली. इंजिन असं काही उसळलं की पट्टा निसटून भिंतीवर आदळला आणि पोत्यांवर बसलेले लोक उठून पळाले. बापूजींचं धोतर सुटलं. मग मिस्त्रीनं डोमांना बजावलं की इंजिनाच्या खोलीत वाढव म्हणजे जास्त कर, थांबवायचं तर बंद कर म्हणा. डोमा लगेच शिकले. गाव कितीतरी दिवस हसत होतं.

मार्गशीर्षात भावाभावांचं भांडण झालं. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकलं. भासरे म्हणाले, "तू सावलीत बसून कळ फिरवतं, अन् मी धुपट खाऊन राह्यलो. ढीग आतून गरम लागून राह्यला, पायाले चटके बसतेत. कोणी ऐकते का माझं? मी चाललो आलापल्लीले, डेपोत लाकडं मोजीन."

"जा नं मंग," डोमा म्हणाले. "अडवलं कोणं?"

त्या दिवशी गिरणीसमोर धानाच्या गाड्यांची रांग होती. भासरे कामावर गेले, हे सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी घरी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या देवकाबाईनं सांगितलं की इस्तारीला तिनं मोटारीच्या रस्त्यानं जाताना पाहिलं. देवकाबाईच्या जिभेला हाड नाही. तिच्या सांगण्यात आधी नुसता माणूस होता. मग त्याच्या खांद्यावर गाठोडं आलं. मग मागून हिरव्या लुगड्यातली बाई चालू लागली. होळीपर्यंत त्या बाईला डाव्या पायानं लंगडत चालवायचंही देवकाबाईनं सोडलं नाही. डोमा आलापल्लीला जाऊन आले. डेपोवर इस्तारी नावाचा कोणी आला नव्हता. पण जंगल मोठं, डेपो पुष्कळ. लोक म्हणाले, गेला तो गेला.

गोकुळाबाई म्हणाली, "ते सोडून जाणारे नाईत."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी कुंकू लावून गिरणीत गेली आणि बापूजींना म्हणाली की त्यांचं काम मी करते. बापूजींना माणूस हवंच होतं. ती टोपलीनं तूस वाहू लागली.

पौषातली सकाळ होती. मी डोमांची न्याहारी घेऊन गिरणीकडे चालले होते. बांध्यांवर दव होतं. आत डोमांनी इंजिनाचं चाक फिरवलं, आणि इंजिन सुरू व्हायच्या आधी त्याच्या नळातून आवाज आला. दोनदा आखूड, मग एकदा लांब.

माझा हात पदराकडे गेला होता. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, कोणी मोठं माणूस जवळून जात असल्यासारखी. कोणीच नव्हतं. मग मी मान वर केली. ढिगाजवळ गोकुळाबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती.

"ऐकलं का वो?" ती म्हणाली.

"इंजन आहे बाई ते."

"मले माईत आहे इंजन आहे," ती म्हणाली आणि टोपली भरायला वाकली.

त्यानंतर ते रोज ऐकू यायचं. मी स्वतःवर चिडायची, पदर घट्ट कंबरेला खोचून जायची, तरी हात जायचाच. डोमांना विचारलं तर म्हणाले की नळात ओल धरते, इंजिन घसा साफ करते. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून रागही येत होता.

ढिगाचंही काहीतरी बिनसलं होतं. सगळ्या ढिगावर दव पडायचं, पण मागच्या अंगाला एक जागा कोरडी राहायची. थंडीत गावची कुत्री ऊब शोधत उकिरड्यावर पडतात, या ढिगाकडे एक फिरकायचं नाही. धूर म्हणाल तर नव्हता. फक्त जवळ गेलं की नाकात काहीतरी बसायचं आणि घरी येईपर्यंत निघायचं नाही. संध्याकाळी दिवा लागला की तो मंद व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा, मंद, मोठा. लोकांना त्याची सवय झाली. दिव्याखाली पत्ते खेळायला बसू लागले.

गोकुळाबाई दुपारची भाकर त्या कोरड्या जागेजवळ बसून खायची. एकदा मी तिला बोलवायला गेले तर तिनं कोपरापर्यंत हात तुसात खुपसला होता.

"काय करून राह्यल्या बाई?"

"इथी हात घालून पाह्य," ती म्हणाली. "माणूस नुकतंच उठून गेलं की अंथरूण कसं लागते, तसं लागते."

मी हात घातला नाही. तिला ओढून उठवलं, वाटभर बडबडले, की लोक काय म्हणतील, की आधीच देवकाबाईला गावात दुसरं काम नाही. ती ऐकत चालली होती. दारात आल्यावर म्हणाली, "कुंता, मले एकच पायजे वो. मी सोडलेली हाओ का रांडावलेली हाओ, एवढं कोणी सांगावं. मंग मी काईच मागत नाई."

फाल्गुनात तिचा भाऊ बिरजू तिला न्यायला आला. त्यानं तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं ठरवलं होतं, ब्रह्मपुरीकडचा बिजवर होता, घरचं धान होतं. माणूस वाईट नव्हता बिरजू. म्हणाला, "बहीण, तो दुसरी घेऊन बसला. तू काऊन कुंकू लावून राह्यली?" तिनं सांगितलं की अक्षय तृतीयेला ये. तोवर ढीग संपते.

"ढिगाचा अन् पाटाचा काय संबंध?" बिरजूनं मला विचारलं. मी म्हटलं मला नाही माहीत. माहीत होतं. तिच्या डोळ्यांत बघून माझ्या कधीच लक्षात आलं होतं, आणि ते मनात आलं की मी भांडी जोरजोरात आदळायची.

ढीग रोज खचत होता. टाकी खात होती, गिरणी चालत होती, धान संपत आलं होतं. गोकुळाबाई प्रत्येक टोपली आधी हातानं चाळायची आणि मगच ओतायची. बायका हसायच्या, बघा तांदूळ शोधून राह्यली.

चैत्रात एका सकाळी तिचं फावडं तुसात शिरलं आणि समोरचं सगळं आवाज न करता खाली बसलं. मागच्या अंगानं ढीग आतून जळून गेलेला होता. वर तूस तसंच, पिवळं, आणि आत पोकळी. महिनोन्‌महिने अर्ध्या श्वासावर धुमसून तिथं नुसती राख उरली होती, पांढरी आणि पिठासारखी मऊ. ती अजून कोमट होती. गोकुळाबाई त्या राखेत गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. तिला चक्कर आली. आत हवा वाईट होती. डोमांनी आणि बापूजींनी तिला ओढून बाहेर काढलं, मी घरी आणलं, आणि ती तापानं निजली.

ती निजून होती तेव्हा बापूजींनी ती राख वाटून टाकली. त्यांच्या मनात काही नव्हतं. ती इंजिनाच्या कामाची नव्हती, जागा अडवत होती, आणि बायका तर रोज मागायच्याच. आमच्याकडे तुसाच्या राखेनं दात घासतात, भांडी घासतात. ही तर आयती चाळल्यासारखी. टोपल्या, सुपं, गाडगी घेऊन सगळं गाव आलं. मी पण एक डबाभर आणली. त्या आठवड्यात गावात जो तो हसताना दात दाखवत होता, इतके पांढरे निघाले होते.

मग देवकाबाई आली. भर सकाळी, डोक्यावर पदर नाही, तोंडाभोवती राख तशीच. गोकुळाबाई तापातून उठून पहिल्यांदाच ओट्यावर बसली होती. देवकाबाईनं मूठ उघडली. हातात पितळी चुन्याची डबी होती, काळी पडलेली, झाकण पिचकलेलं. झाकणावर खिळ्यानं मासा कोरला होता. भासऱ्यांची डबी. मी चेहरा नव्हता पाहिला, पण ती डबी त्यांच्या पायाजवळ ठेवलेली कितीदा पाहिली होती.

"माह्या टोपलीत होती," देवकाबाई म्हणाली. "तळाले. मी चार दिवसांपासून त्याच राखेनं..." आणि अंगणाच्या कडेला जाऊन ओकू लागली. कुडाच्या कुंपणावरून तिच्या घरातलं कोणी तिला हाका मारत होतं, तिला ऐकू जात नव्हतं.

डोमा दारात उभे होते. ते उंबऱ्यावरच खाली बसले.

"त्यानं आवाज देल्ला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी. ढिगावरून. वाढव, वाढव म्हणे. मले वाटलं गाड्या खोळंबल्या म्हून तसं बोलून राह्यला. मी कळ खोलली. मंग इंजनच्या आवाजात काईच ऐकू आलं नाई."

मला सगळं दिसलं. वरचं पिवळं तूस, त्याखालची हाडांचंही पीठ करणारी धगधगती पोकळी, पाय आत जाणं, आणि तो माणूस घरातला शब्द ओरडतो आहे. विझव म्हणाले असते तर इंजिन थांबलं असतं, हाका ऐकू आल्या असत्या, वाचले असते. मरताना तरी माणसानं अशुभ बोलावं की नाही! मला त्यांचा राग आला, सासूचा आला, मिस्त्रीचा आला, आणि डोमांकडे पाहिलं तर कोणावरच धरता आला नाही. हे त्यांनी इतके महिने पोटात ठेवलं होतं का, की आत्ताच कळलं होतं, ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.

गोकुळाबाईनं डबी घेतली, पदरानं पुसली. दिराकडे बघून म्हणाली, "तुमाले काय माईत भाऊजी." मग ती आत गेली आणि नवं मडकं घेऊन बाहेर आली.

"बाई, कुठी चालल्या?"

"त्यायले घरी आणाले," ती म्हणाली.

ती घरोघर गेली. मी मागून चालले होते. ती कोणाला काही सांगत नव्हती. दारात उभी राहायची आणि मडकं पुढे करायची. बातमी तिच्या आधी पोचत होती. कोणी गाडग्यातली राख ओतली, कोणी सुपातली. बुधरीनं घासलेल्या भांड्यांना चिकटलेली राखही पुसून मडक्यात झाडली. ज्या बायका होळीच्या दिवशी हिरव्या लुगड्यावरून हसल्या होत्या त्या आता तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि पदराआडून त्यांच्या जिभा दातांवरून फिरताना मला दिसत होत्या. कमळानं राख वांग्यांच्या वाफ्यात टाकली होती, तिनं मातीसकट दिली. बापूजी गिरणी थांबवून बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढून गिरणीत उरलेली राख हातानं मडक्यात घालू लागले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. तिनं त्यांचंही घेतलं. मडकं भरलं, मग दुसरं आणलं.

शेवटी आम्ही आमच्याच अंगणात आलो. माझा डबा न्हाणीजवळ होता. मी तो तिच्यासमोर उपडा केला, तळ खरवडून दिला.

"दात घासले का आज?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलावंसं वाटलं. "घासले बाई," मी म्हटलं.

"चूळ कुठी टाकली?"

न्हाणीच्या दगडाशी ओली, करडी जागा होती. मी बोट दाखवलं. ती खाली बसली आणि नखांनी तो चिखल काढू लागली. मी उभी होते. माझ्या तोंडात राखेची चव होती, थुंकायचं होतं, आणि थुंकता येत नव्हतं, कारण आता कुठे थुंकणार? मग मीही तिच्याजवळ बसले आणि दुसऱ्या बाजूनं खरवडू लागले. चिखल मडक्यात घालताना माझ्या हातून थोडा दगडावर सांडला.

"सगळाच घे वो कुंता," ती म्हणाली. "थोडा नको ठेवू."